बेसबॉल, व्यावसायिक (प्रारंभकाळ)

अमेरिकेत बेसबॉल हा आरंभी हौशी क्लबांचा खेळ होता. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबाने १८४५ मध्ये त्याचे नियम लेखी केले. पुढे चांगल्या खेळाडूंना गुपचूप पैसे मिळू लागले. हे ढोंग १८६९ मध्ये सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज संघाने मोडले आणि सर्वच खेळाडूंना उघडपणे पगार दिला. संघनायक हॅरी राइट मूळचा इंग्लंडचा, धंदेवाईक क्रिकेटपटूचा मुलगा. त्याचा पगार १,२०० डॉलर, तर धाकटा भाऊ जॉर्जचा १,४०० डॉलर. १८६९ च्या हंगामात हा संघ अजिंक्य राहिला. १४ जून १८७० रोजी ब्रुकलिनमध्ये ॲटलांटिक्सविरुद्ध नऊ डावांनंतर ५-५ अशी बरोबरी झाली. तेवढ्यावर थांबता आले असते; पण राइट अडून बसला आणि अकराव्या डावात संघ ७-८ असा हरला.

पहिली व्यावसायिक संघटना १८७१ मध्ये निघाली, पण ढिसाळ कारभारामुळे बुडाली. विल्यम हल्बर्टच्या पुढाकाराने १८७६ मध्ये स्थापन झालेली नॅशनल लीग मात्र टिकली. तीत सत्ता मालकांची होती. १८७९ पासून त्यांनी खेळाडू ‘राखून’ ठेवण्याची प्रथा पाडली. राखलेल्या खेळाडूला संघ सोडता येईना. या वेठीतून खेळाडू सुटले ते १९७५ च्या लवादी निर्णयानंतर.