सातारा, सांगली आणि एकेकाळी बंदी असलेला नाताळ

१. सातारा, वाई, सांगली, मिरज येथील चर्चांवर डिसेंबरात तारे झळकू लागतात. इथल्या मराठी ख्रिस्ती समाजाची पायाभरणी ज्या मिशनांनी केली, त्यांच्याच पूर्वजांनी एकेकाळी नाताळ नाकारला होता. या विसंगतीचा हा मागोवा. 🧵

२. आरंभ शब्दापासून. ‘नाताळ’ इंग्रजीतून आलेला नाही. लॅटिन ‘नातालिस’ म्हणजे जन्मासंबंधीचा; त्यावरून पोर्तुगीज ‘नाताल’ आणि मराठी ‘नाताळ’. घाटावरच्या प्रॉटेस्टंटांच्या सणाचे नाव असे कॅथलिक किनारपट्टीचे आहे.

३. बायबलमध्ये ख्रिस्तजन्माची तारीख नाही. २५ डिसेंबरचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख रोममधील, इ.स. ३३६ चा. हा दिवस सूर्योत्सवावरून आला, असे काही अभ्यासक मानतात. २५ मार्च हा गर्भधारणेचा दिवस धरून पुढे नऊ महिने मोजले, असे इतर म्हणतात.

४. तारखेला शास्त्राधार नाही, हाच प्युरिटनांचा आक्षेप होता. शिवाय या सणातील मद्यपान आणि धांगडधिंगा त्यांना रोमन मूर्तिपूजकांचा अवशेष वाटे. १६५९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीने नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरवला. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला. नावड मात्र टिकली.

५. याच प्युरिटनांच्या धार्मिक वारसदारांनी १८१० मध्ये ‘अमेरिकन बोर्ड’ ही मिशनसंस्था स्थापली. तिचे साताऱ्यातील केंद्र १८४९ चे. मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळची अधिकृत सुटी आली १८५६ मध्ये!

६. सांगली-मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन आले. डॉ. विल्यम वानलेस यांचे मिरजेचे रुग्णालय १८९४ चे. या पंथाची जन्मभूमी स्कॉटलंड. तिथे नाताळला सार्वजनिक सुटी मिळाली थेट १९५८ साली.

७. मग ख्रिसमस ट्री? सजवलेल्या झाडाची १६०५ ची नोंद स्ट्रासबुर्गची. त्यावरची सफरचंदे एदेन बागेची आठवण देतात, तर सदाहरित पाने अनंत जीवनाची. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडासह चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापले गेले १८४८ मध्ये, म्हणजे डलहौसीने सातारचे राज्य खालसा ठरवले त्याच वर्षी.

८. तारा मात्र थेट मत्तयाच्या शुभवर्तमानातला: पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांना वाट दाखवणारा. त्यांनी बाळापुढे ठेवलेले सोने, ऊद आणि गंधरस यांच्याशी भेटवस्तूंचा अर्थ जोडला गेला. गव्हाणीचा देखावा लोकप्रिय केला संत फ्रान्सिसने, १२२३ मध्ये, इटलीतील ग्रेच्यो गावी. देव गरिबाघरी जन्मला, हे निरक्षरालाही दिसावे म्हणून.

९. आपल्याकडे हेच काम कीर्तनाने केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तन रूढ झाले. पुढे कवी ना. वा. टिळकांनी त्याला बळ दिले. तुकोबांच्या वाणीने आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले, असे मानणाऱ्या टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. मिशनच्या चौकटीबाहेरचा, अस्सल देशी वळणाचा.

१०. प्युरिटनांनी विचारले, ‘हे शास्त्रात कुठे आहे?’ आजही कुणी विचारतो, ‘हे आपले कुठे आहे?’ दोघेही प्रथेचे फक्त मूळ तपासतात. पण नाव पोर्तुगीज, झाड जर्मन आणि गव्हाणी इटालियन असली, तरी साताऱ्याच्या चर्चमध्ये पेटीच्या साथीने ख्रिस्तजन्माचे भजन उभे राहते, तेव्हा ते गाणाऱ्यांचेच असते. प्रथेचा इतिहास लिहिताना ती कुठून आली याइतकेच महत्त्वाचे आहे, लोकांनी तिला कोणता अर्थ दिला हे.