तोफनौका आणि नदीचा ओघ
(अमेरिकेंतील यादवी युद्ध, १८६२-६३)

अमेरिकेंतील यादवी युद्धांत पश्चिमेकडील नद्यांवर उत्तरपक्षास जें यश मिळालें, त्याचें श्रेय बहुधा तोफनौकांच्या लोखंडी चिलखतास दिलें जातें. घटनांचा क्रम व नकाशा शेजारीं ठेवून पाहतां, या युद्धाची रीत लोखंडापेक्षां ओघाच्या दिशेनें ठरविली, असें आमचें मत आहे.

यांतील प्रमुख सात नौका जेम्स ईड्स यानें १८६१ सालीं सेंट लुईजवळील कॅरंडलेट व इलिनॉय प्रांतांतील माउंड सिटी येथें बांधावयास घेतल्या. लांबी १७५ फूट, रुंदी ५१ फूट, तोफा १३. तळ पाण्याखालीं अवघा ६ फूट. अडीच इंची लोखंड मुख्यतः तोंडाशीं व यंत्रांच्या बाजूंस असून पिछाडी बहुतेक उघडीच होती. लोक त्यांस कासवें म्हणत; चाल पाहतां उपमा वावगी नव्हे.

हेन्री किल्ला टेनेसी नदीवर व डॉनल्सन कंबरलंडवर. खुष्कीचें अंतर सुमारें १२ मैल. दोन्ही नद्या तेथें उत्तरवाहिनी, म्हणून उत्तरेच्या नौका ओघाविरुद्ध चालून गेल्या. ६ फेब्रुवारी १८६२ रोजीं नौदलाधिकारी अँड्र्यू फूट यानें हेन्रीवर मारा केला. किल्ला सखल जागीं होता. पुराचें पाणी आंत शिरलें होतें. ग्रँटचें पायदळ चिखल तुडवीत येऊन पोंचण्यापूर्वींच, सुमारें सव्वा तासांत, किल्लेदार टिलमन यानें निशाण उतरविलें. येथें अर्धें काम पुरानेंच केलें होतें.

आठ दिवसांनीं डॉनल्सनपुढें प्रकार निराळा झाला. तोफा उंच कड्यावर. वरून येणाऱ्या गोळ्यांनीं सुकाणू मोडलीं, फूट स्वतः जखमी झाला. परंतु निकामी नौका वाहत गेल्या त्या आपल्याच पक्षाकडे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. किल्ला १६ तारखेस ग्रँटच्या पायदळानें घेतला.

मिसिसिपी दक्षिणवाहिनी, तेथें यंत्र बिघडलेली नौका थेट शत्रूच्या हातीं जावयाची. म्हणूनच 'दहा क्रमांकाच्या बेटा'पुढें फूट लांबूनच मारा करीत राहिला. अखेर ४ एप्रिलच्या रात्रीं वादळांत हेन्री वॉक यानें 'कॅरंडलेट' नौका शत्रूच्या तोफांसमोरून खालीं काढिली, आणि चार दिवसांच्या आंत बेट पडलें. तेथपासून किल्ला भांडून घेण्याऐवजीं अंधारांत ओलांडून जाणें हीच रीत पडली. व्हिक्सबर्ग येथें पोर्टर यानें ग्रँटास आधींच बजाविलें होतें कीं, एकदां खालीं उतरल्यावर नौका तोफांसमोरून परत वर आणणें दुर्घट. तरीही १६ एप्रिल १८६३ च्या रात्रीं तो उतरला. महिनाअखेर ग्रँटचें सैन्य नदीपार झालें व ४ जुलै रोजीं शहर शरण आलें.

संग्राहकांनीं ज्याची विशेष नोंद घ्यावी असा एक पुरावा उपलब्ध आहे. सातांपैकीं 'केरो' ही नौका १२ डिसेंबर १८६२ रोजीं याझू नदींत, पाण्यांत दडविलेल्या सुरुंगानें, सुमारें बारा मिनिटांत बुडाली. मनुष्यहानि झाली नाहीं. १८६४ सालीं युद्ध चालू असतां जी गाळांत पडून होती, ती १९६४ सालीं वर काढण्यांत आली, आणि खलाशांच्या नित्याच्या वापरांतील पुष्कळ वस्तूही तींत सांपडल्या. तिचे अवशेष व्हिक्सबर्ग येथें ठेवलेले आहेत.