पटपडगंजची लढाई आणि कवायती फौजेचा वाद

दिल्लीतील मराठी माणसास पानिपत ठाऊक असते; पटपडगंज मात्र त्यास केवळ राहत्या सोसायट्यांचा आणि बसथांब्यांचा भाग म्हणून परिचित असते. वस्तुतः ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या पूर्वतीरावर, आजच्या पटपडगंजपासून नोएडापर्यंतच्या टापूत जी लढाई झाली, तिने उत्तर हिंदुस्थानातील मराठ्यांच्या वर्चस्वाचा निर्णायक शेवट केला. त्या लढाईचा स्मारकस्तंभ नोएडाच्या गोल्फ मैदानात आजही उभा आहे. तो इंग्रजांनी उभारला असल्यामुळे त्यावर गौरव आहे तो जेत्यांचा. पराभूतांच्या बाजूने कोण लढले, कोणासाठी लढले आणि का हरले, हे प्रश्न आपले आपणच विचारावयाचे आहेत. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या विषयास स्थान मिळावे असे आम्हांस वाटले, ते याच कारणाने.

या पराभवाविषयीचा वाद जुना आहे. एक पक्ष म्हणतो की, मराठ्यांनी आपली घोडदळाची, गनिमी काव्याची परंपरा सोडून परक्यांची कवायत, परक्यांचा पोशाख आणि परक्यांचे सरदार स्वीकारले, तेथेच त्यांचा घात झाला. दुसरा पक्ष म्हणतो की, काळाबरोबर शस्त्रविद्या बदलते. मराठ्यांनी नवी विद्या घेतली हा दोष नसून ती अर्धवट घेतली हा दोष आहे. विशेष म्हणजे पहिल्या पक्षास खुद्द शत्रूचा पाठिंबा आहे. पुढे वॉटर्लूवर नेपोलियनचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली याने १८०३च्या युद्धानंतर असे मत नोंदविले आहे की, मराठ्यांनी युरोपियन माणूस आणि पायदळ शिपाई मुळीच बाळगला नसता, तर ते इंग्रजांना अधिक भारी पडले असते. शत्रूचे मत म्हणून ते मोलाचे खरे. पण शत्रूचे मत म्हणूनच ते पारखूनही घेतले पाहिजे.

या वादाचा उगम पानिपतापर्यंत मागे जातो. बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पेशव्यांच्या चाकरीत आला आणि १७६०च्या फेब्रुवारीत उदगीरच्या लढाईत त्याच्या तोफखान्याने निजामास नमविले. सदाशिवरावभाऊंचा या नव्या पद्धतीवर विश्वास बसला तो या अनुभवाने. मल्हारराव होळकरांसारख्या मुरब्बी सरदारांचे मत निराळे होते. जड तोफा, बुणगे आणि कुटुंबकबिला मागे ठेवावा व हलक्या फौजेनिशी शत्रूस हैराण करावे, असा त्यांचा सल्ला होता असे इतिहासकार सांगतात. १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊंनी तोफा आणि गारदी यांच्या आधाराने गोलाची रचना करून लढाई दिली. परंतु विंचूरकर आणि गायकवाड यांची घोडदळे आवेशाने गोल सोडून रोहिल्यांवर तुटून पडली आणि मागे रेटली गेली. म्हणजे दोन युद्धपद्धती एकाच रणांगणावर उभ्या होत्या आणि त्यांचा एकमेकींशी मेळ नव्हता.

त्याच दिवसाची दुसरीही गोष्ट विसरता येत नाही. इब्राहिमखानाचे धर्मबांधव समोरच्या छावणीत होते. त्याने पक्ष बदलला नाही; त्याचे गारदी जागच्या जागी कापले गेले आणि तो स्वतः शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. तेव्हा ‘परका’ कोणास म्हणावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

पानिपतावर जायबंदी होऊन आयुष्यभर लंगडत चाललेल्या महादजी शिंद्यांनी हा धडा आपल्या परीने वाचला. १७८४ साली त्यांनी सॅव्हॉय प्रांतातील शांबेरी गावच्या बन्वा द बॉयन या सेनानीस चाकरीत घेतले. हा मनुष्य फ्रान्सच्या आयरिश पलटणीत, मग रशियाच्या आणि पुढे कंपनीच्या मद्रासकडील फौजेत नोकरी करून आलेला होता. आरंभी त्याने अवघ्या दोन पलटणी उभ्या केल्या. १७८७ साली लालसोटच्या मोहिमेत बादशाही फौजा महादजींना सोडून गेल्या, तेव्हा या दोन पलटणी मात्र डगमगल्या नाहीत. त्यानंतर १७९०पासून द बॉयनने कंपूंची उभारणी केली. त्याच वर्षी २० जूनला पाटण आणि १० सप्टेंबरला मेडता येथे राठोडांच्या नामांकित घोडदळास या पायदळाने थोपविले, तेव्हा काळ कोणत्या बाजूला वाहतो आहे हे सर्वांस दिसले. उत्तरेत जी जरब पानिपतात गेली होती, ती महादजींनी परत मिळविली ती बहुतांशी याच बळावर.

या फौजेचे यश केवळ कवायतीत नव्हते. आम्ही केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे काढली आहेत. त्यामुळे कदाचित आमचे लक्ष रणांगणापेक्षा हिशेबाकडे अधिक जाते. द बॉयनच्या पगारासाठी महादजींनी अलीगढच्या आसपासचा प्रदेश जायदाद म्हणून तोडून दिला होता. त्यामुळे शिपायास तनखा वेळेवर मिळे, जखमी झाल्यास मदत मिळे. आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉच कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात आणि त्या इतक्या उत्तम होत की, पुढे असईला हाती लागलेल्या शिंद्यांच्या तोफांची खुद्द वेलस्लीने प्रशंसा केली. इतर मराठी सरदारांच्या शिलेदारांचे पगार महिनोन्महिने तुंबत आणि धरणी धरून वसूल होत, त्या काळात ही व्यवस्था होती. सैन्याचा दर्जा म्हणतात तो आधी पगारपत्रकावर ठरतो आणि मग रणांगणावर दिसतो.

परंतु या इमारतीच्या पायातच एक चीर होती. कंपूंमध्ये शिपाई अवधचे पुरभय्ये, रोहिले, राजपूत. आणि वरचे अंमलदार जवळजवळ सर्व युरोपियन. मराठा स्वार पायी चालून हुकुमाबरहुकूम बंदूक झाडण्यास कमीपणा मानी. घोडा हीच त्याची प्रतिष्ठा होती. परिणामी नवी विद्या मराठ्यांच्या घरात आली, पण घरातल्या माणसांनी ती आत्मसात केली नाही. पलटण चालविणारा, नकाशा वाचणारा, तोफेचा पल्ला मोजणारा मराठी अंमलदारांचा वर्ग निर्माण झालाच नाही. इंग्रजांविरुद्ध लढणार नाही अशी अट द बॉयनने आरंभीच घातली होती. महादजींच्या हयातीत या अटीची कसोटी लागली नाही. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीस त्यांचे निधन झाले. द बॉयन निवृत्त होऊन मायदेशी परतला आणि त्याच्या जागी पेरॉन आला.

यात भर पडली ती घरच्या कलहाची. १७९३ साली लाखेरीस शिंद्यांच्या कवायती पलटणींनी होळकरांच्या कवायती पलटणींचा फडशा पाडला. दोन्हीकडे धनी मराठे, दोन्हीकडे कवायत शिकविणारे युरोपियन! २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसरला तोच प्रयोग उलट्या निकालाने झाला. यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहावर सही करून मोकळे झाले. या तहाने सहा पलटणींची तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख, एवढ्यावरच भागले नाही. इंग्रजांशी युद्ध असलेल्या राष्ट्राचा युरोपियन मनुष्य पेशव्यांनी पदरी ठेवू नये, असेही कलम त्यात होते.

येथे परकीय राजकारणाचे खरे स्वरूप उघडे पडते. गव्हर्नर जनरल वेलस्ली १७९८ साली हिंदुस्थानात आला आणि त्याच वर्षी नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. पेरॉनच्या ताब्यातील मुलूख म्हणजे यमुनाकाठी उभे राहिलेले फ्रेंचांचे राज्यच, असा बोभाटा वेलस्लीने केला. त्यात भीती किती आणि निमित्त किती, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण ज्या दरबारात फ्रेंच नकोत असे सांगितले जाई, तेथे इंग्रजांचा रेसिडेंट मात्र कायमचा ठाण मांडून बसे, यात मतभेदाला जागा नाही. एका परक्याची भीती दाखवून दुसऱ्या परक्याने घरात पाऊल ठेवावे, हा प्रकार जगाच्या इतिहासात वारंवार घडला आहे; शनिवारवाड्याने तो विशेष महाग किंमत देऊन पाहिला.

युद्ध सुरू होताच, २९ ऑगस्ट १८०३ रोजी, इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतील आपल्या प्रजाजनांना निवृत्तिवेतनाच्या आश्वासनासह बोलावून घेतले. ४ सप्टेंबरला अलीगढचा किल्ला पडला. वाट दाखविणारा लुकन हा शिंद्यांच्याच चाकरीतला इंग्रज अंमलदार होता. पेरॉन इंग्रजांच्या आश्रयास गेला. ११ सप्टेंबरला लुई बूर्कें याने यमुना ओलांडून जनरल लेकशी गाठ घातली. लेकजवळ सुमारे साडेचार हजार माणूस होते. शिंद्यांची फौज संख्येने कितीतरी अधिक आणि तोफांच्या आड सुरक्षित. लेकने घोडदळास माघारीचा देखावा करावयास लावला. मराठी फौज मोक्याची जागा सोडून पुढे आली आणि संगिनींच्या माऱ्यात सापडली. कित्येक शिपाई यमुनेत बुडाले. ६८ तोफा शत्रूच्या हाती गेल्या. तीनच दिवसांनी बूर्कें आणि त्याचे सोबती स्वतःहून इंग्रजांच्या स्वाधीन झाले आणि १६ सप्टेंबरला लेक लाल किल्ल्यात अंध शहाआलम बादशहासमोर उभा राहिला.

मात्र कथा येथे संपत नाही. उरलेल्या पलटणींनी १ नोव्हेंबर १८०३ रोजी अलवरजवळ लासवारीस लढाई दिली, तेव्हा त्यांचे युरोपियन अंमलदार बहुतेक निघून गेलेले होते. तरीही ते शिपाई असे लढले की, आपण असा बिकट प्रसंग पूर्वी पाहिला नव्हता आणि त्यांना फ्रेंच अंमलदार लाभले असते तर निकालाची शाश्वती नव्हती, असे लेकने स्वतः लिहिले. गोलंदाज संगिनीने भोसकले जाईपर्यंत तोफेपासून हलले नाहीत. सरदार गेले, पगाराची आशा गेली, मालक शेकडो कोस दूर दक्षिणेत. तरी हे पुरभय्ये शिपाई मराठ्यांच्या निशाणाखाली उभे राहिले.

आता मूळ वादाकडे वळू. जुनी पद्धतच तारक होती म्हणावे, तर १८०४ साली यशवंतराव होळकरांनी घोडदळाच्या बळावर कर्नल मॉन्सनची मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत दाणादाण उडविली, हे खरे. पण त्याच यशवंतरावांना ऑक्टोबरमध्ये ऑक्टरलोनीने राखलेली दिल्ली घेता आली नाही, आणि १७ नोव्हेंबरला फरुखाबादेस लेकने त्यांच्या गाफील घोडदळास झोपेत गाठले. नवी पद्धतच मारक होती म्हणावे, तर लासवारी आणि असई यांची साक्ष त्याविरुद्ध आहे. तेव्हा आमच्या मते दोष ना घोड्याचा, ना बंदुकीचा. विद्या उसनी आणली हे शहाणपणच होते. पण निर्णय घेणारे डोकेही उसने ठेवले आणि भावाविरुद्ध जिंकण्यासाठी ते अधिकच उसने घेतले, हे घातक ठरले. शिपाई देशी आणि अंमलदार परका, ही रचना पुढे इंग्रजांनीही शतकाहून अधिक काळ कटाक्षाने राखली. ती मोडण्यासाठी स्कीन समितीपुढचे वाद व्हावे लागले आणि १९३२ साली डेहराडूनची लष्करी प्रबोधिनी उघडावी लागली. घोड्यावरून उतरण्यास नाखूष असलेल्या समाजातूनच पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीसारखी पायदळाची नामांकित पलटण घडली, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. परंपरा बदलतात, कोणाच्या हाताने बदलतात, एवढाच प्रश्न असतो.

आमची मुले या महानगरात वाढतात, हिंदी-इंग्रजीत शिकतात, परदेशी तंत्रविद्येवर उपजीविका करतात. त्यांनी परके ते टाकावे असे सांगणे इतिहासाला धरून होणार नाही. शिकावे, पण शिकून स्वतः धनी व्हावे, हे सांगणे धरून होईल. आणि आणखी एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगावी. ज्यांना आपण या शहरात सहज ‘पूरबवाले’ म्हणून बाजूला सारतो, त्यांचे पूर्वज पटपडगंजच्या वाळूत आणि लासवारीच्या तोफांपाशी आपल्या दौलतीसाठी मरून पडले. त्यांची नावे कोणत्याही स्तंभावर कोरलेली नाहीत. नोएडाच्या वाटेने जाताना यमुनेचा पूल ओलांडला की त्यांचे स्मरण करावे, एवढे ऋण तरी दिल्लीच्या मराठी माणसाकडे लागते.