पोर्ट कॅनिंग : इशारा आणि अधिकार

किनाऱ्यावरील जमिनीच्या वापराची चर्चा आपल्याकडे बहुधा १९९१ च्या सीआरझेड अधिसूचनेपासून सुरू होते. प्रशासनापुढील मूळ प्रश्न मात्र बराच जुना आहे. तो समजून घ्यायचा तर कोलकात्याच्या आग्नेयेस, मातला नदीच्या काठी वसलेल्या कॅनिंगचा इतिहास पाहावा.

हुगळी गाळाने भरत चालल्याची धास्ती १८५३ मध्ये कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांनी घेतली होती. पर्यायी बंदर म्हणून मातलेचा विचार सुरू झाला व सरकारने सुंदरबनात जमीन खरेदी केली. त्याच वर्षी हेन्री पिडिंग्टन यांनी गव्हर्नर जनरल डलहौसी यांना पत्र लिहिले. ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ करणारे ते हेच. चक्रीवादळात खाऱ्या पाण्याचा लोंढा उसळून नव्या बंदरावर चालून येईल, असे त्यांनी बजावले. निर्णय बदलला नाही.

१८६२ मध्ये तेथे नगरपालिका आली, पाठोपाठ रेल्वे आली. १८६५ मध्ये पोर्ट कॅनिंग कंपनी उभी राहिली. अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा मुंबईत खेळत होता. ज्या सट्ट्याने बॅकबे रेक्लमेशनचे शेअर आकाशाला भिडवले, त्यानेच या दूरच्या दलदलीचेही भाव चढवले. मुंबईचा तो फुगा १८६५ च्या जुलैमध्ये फुटला. १८६७ च्या नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळाने कॅनिंगची धूळधाण केली, आणि बंदर पुन्हा सावरले नाही. पिडिंग्टन १८५८ मध्येच वारले होते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे अज्ञानापेक्षा वेगळीच गोष्ट दिसते. माहिती उपलब्ध होती. पण ती विचारात घेण्याचे बंधन कोणावरही नव्हते. शेअर वेळेवर विकणाऱ्याने नफा घेतला, आणि जोखीम मात्र काठावर राहणाऱ्याच्या पदरात पडली. लाभ एकाचा व धोका दुसऱ्याचा असेल, तर बाजार आपणहून सावध होत नाही. तेथे कायदा लागतो.

असा कायदा पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ खाली आला. १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियंत्रणाखाली आणला. २०११ च्या अधिसूचनेत लाटा, पूर व किनाऱ्याची धूप लक्षात घेणारी ‘धोकारेषा’ नियमनाचा भाग झाली. म्हणजे पिडिंग्टन यांच्या इशाऱ्याला प्रथमच अधिकार लाभला. २०१९ मध्ये मात्र ही रेषा आपत्ती व्यवस्थापनाचे नियोजन करण्यापुरती उरली. शिवाय प्रति चौरस किलोमीटर २,१६१ हून अधिक लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागात, मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या अधीन राहून, बांधकामनिषिद्ध पट्टा २०० वरून ५० मीटरवर आला.

या सवलतीमागे कारण नाही, असे नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मच्छीमाराला स्वतःचे घर वाढवता येऊ नये, हा न्याय म्हणता येणार नाही. परंतु त्याची गरज आणि हॉटेलचालकाची हौस यांना एकच फूटपट्टी लावणे हाही न्याय नव्हे.

धोका दाखवणारा नकाशा आपत्ती विभागाच्या कपाटात आणि बांधकामाची परवानगी दुसऱ्याच टेबलावर, अशी विभागणी झाली की आपण पुन्हा १८५३ मध्ये जाऊन पोहोचतो. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने धोकारेषा पाहिली आणि तरीही परवानगी का दिली, याची कारणे आदेशातच नोंदवणे सक्तीचे करावे. एवढ्या दुरुस्तीला खर्च फारसा नाही. वाचकहो, आपल्या गावच्या आराखड्यात ही रेषा आहे का, हे एकदा विचारून पाहा.