काचीगुड्यात हिवाळ्याचं गरम पाणी : गीझर, रॉड की सिलिंडर? सगळा खेळ २०० युनिटांचा

डिसेंबर लागला की काचीगुडा, बरकतपुरा, चप्पल बाजार या भागात भाड्यानं राहणारी आपली नांदेड-परभणीकडची मंडळी दरवर्षी एकच प्रश्न विचारतात : गरम पाण्याला स्वस्तात काय घ्यावं? पाइपचा गॅस घरात आलेला नाही, घर आपलं नाही, आणि वीजबिल शून्य येतंय ते तसंच राहायला पाहिजे.

आधी एक गोष्ट. हैदराबादची थंडी म्हणजे काही दिल्लीची थंडी नव्हे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा साधारण १४-१५ अंशांवर येतो, लाट आली तर १० च्या आसपास. त्यामुळं इथं खर्च होतो तो मुख्यतः आंघोळीच्या पाण्यावर. खोली तापवायची गरज घरात तान्हं बाळ, बाळंतीण किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तरच पडते.

एका बादलीला किती वीज?

१५ लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला ०.३५ युनिट लागतं. चार माणसांच्या घरात रोज १.४, महिन्याला ४२ युनिट. रॉड वापरा नाहीतर गीझर, हा आकडा बदलत नाही. "रॉड कमी खातो" हे आपल्याकडं सगळे म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. रॉड पाणी तापलं की काढावाच लागतो. गीझर मात्र चालू राहून जातो. टाकीचा गीझर चोवीस तास चालू ठेवला तर नुसतं पाणी गरम राखण्यात रोज अर्ध्यापासून एक युनिटापर्यंत जातं. म्हणजे महिन्याला १५ ते ३० युनिट फुकट.

आता दुसरी बाजू. ७५ वॅटचे दोन पंखे रात्री दहा-दहा तास चालले तर महिन्याला ४५ युनिट होतात. थंडीत ते बंदच असतात. म्हणजे पंख्याची वाचलेली वीज आंघोळीच्या पाण्याला पुरते! नुसत्या आंघोळीनं बिल सहसा उडत नाही. ते उडतं चालू राहिलेल्या गीझरनं आणि रूम हीटरनं.

२०० ची रेघ

तेलंगणात मार्च २०२४ च्या बिलांपासून गृहज्योती योजना लागू आहे. पांढरं रेशन कार्ड असलेल्या घराला, भाडेकरू असला तरी, महिन्याला २०० युनिटांपर्यंत बिल शून्य. पण २०१ झाले की फक्त वरच्या एका युनिटाचे नाही, सगळ्या युनिटांचे पैसे भरावे लागतात.

योजनेत नाव नसेल तरी ही रेघ चुकत नाही. २०० युनिटांपर्यंत पहिल्या शंभराला ३.४० आणि पुढच्या शंभराला ४.८० रुपये दर, म्हणजे ८२० रुपये. रेघ ओलांडली की दराचा तक्ताच बदलतो : पहिल्या २०० ला पाच रुपयांच्या थोडं वर, पुढं ३०० पर्यंत ७.७०, त्यापुढं ९. म्हणजे २०१ युनिटांना हजाराच्या वर गेलात. स्थिर आकार वेगळा.

मग घ्यायचं काय? घरचा वापर २०० च्या आत बसत असेल तर विजेवरच राहा. रॉड किंवा १०-१५ लिटरचा गीझर, आणि आंघोळ झाली की बटण बंद. दर महिन्याला २५०-३०० युनिट तसेही जात असतील तर सिलिंडरचा हिशोब करून बघा. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून गॅस गीझरला मिळणारी उष्णता साधारण १४५ युनिट विजेइतकी धरता येते. सिलिंडर ९०० रुपयांना पडला तर युनिटमागे ६ रुपये २० पैसे. हे ७.७० पेक्षा स्वस्त आहे, ४.८० पेक्षा महाग. चुलीवर पातेलं ठेवून तापवलं तर गॅसचं साठ-पासष्ट टक्केच काम होतं, तेव्हा तो हिशोब आणखी वर जातो.

महालक्ष्मी योजनेत सिलिंडर ५०० ला मिळतो म्हणून कुणी लगेच गॅस गीझरकडं वळू नये. त्या सवलतीच्या सिलिंडरांची संख्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी वापरावर ठरवलेली आहे. चार जणांच्या आंघोळीला महिन्याला चार किलो गॅस जास्तीचा लागतो, आणि सवलतीची संख्या संपली की पुढचा सिलिंडर पूर्ण किमतीला.

सोलर वॉटर हीटर इथल्या उन्हात उत्तम चालतो, पण गच्ची आपली पाहिजे. भाडेकरूनं त्या नादी लागू नये. घरमालकांसाठी एक खुलासा : पीएम सूर्यघरचं अनुदान (३ किलोवॅटला ७८,००० रुपये) वीज बनवणाऱ्या पॅनेलला आहे, पाणी तापवणाऱ्या सोलरला नाही. विकणारा काहीही सांगो. बोअरचं पाणी असेल तर नळ्यांत आणि गीझरच्या कॉइलवर क्षार बसतात. तो थर बसला की पाणी तापायला वेळ लागतो आणि कॉइल लवकर जाते.

खोली तापवायचीच असेल तर

२००० वॅटचा हीटर रोज दोन तास लावला की महिन्याला १२० युनिट. शून्य बिल तिथंच संपलं. बाळासाठी लागतच असेल तर १००० वॅटवर, झोपण्याआधी अर्धा तास, म्हणजे महिन्याला १५ युनिट. खिडकीच्या फटी बुजवा, गोधडी आणि गरम पाण्याची पिशवी वापरा.

गावाकडं बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात. तिथं कौलांतून, दारातून हवा खेळते. काचीगुड्यातल्या दहा बाय दहाच्या बंद खोलीत तेच केलं तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस उठतच नाही. गॅस गीझरचा धोकाही हाच. तो बाथरूमच्या आत बसवायचा नाही, बाहेर मोकळ्या हवेत बसवायचा. घरमालक बाहेर जागा देत नसेल तर गॅस गीझर घेऊच नका, बचत कितीही होत असो.

जुन्या घरांत वायरिंगही तपासून घ्या. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि अर्थिंग लागतंच. रॉडचा प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही.

बिदर आणि सीमेपलीकडं

कर्नाटकातली गृहज्योती वेगळी आहे. तिथं जुन्या ग्राहकाची मर्यादा सरसकट २०० नाही. २०२२-२३ मधला सरासरी वापर अधिक दहा टक्के, एवढंच मोफत. सरासरी ९० असेल तर ९९ युनिट. त्यामुळं भालकी-बिदरकडं नवीन गीझरचे पैसे पहिल्या महिन्यापासून दिसतात. महाराष्ट्रात महावितरणचा दर १०० आणि ३०० युनिटांना बदलतो, पण फक्त वरच्या युनिटांना. तिथं एका युनिटानं आभाळ कोसळत नाही.

काचीगुड्यात मात्र ते कोसळतं, म्हणून मीटर बघायची सवय लावा. मागच्या बिलावरचं रीडिंग भिंतीवर लिहून ठेवा आणि विसाव्या दिवशी मीटर बघा. १३३ च्या वर गेलं असेल तर उरलेले दहा दिवस हीटर कपाटात.