नाणेघाटातील अंक व रोमन अंक : एक तुलनात्मक विचार

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ५० कि.मी. अंतरावरील पैठण, म्हणजेच प्राचीन प्रतिष्ठान, ही सातवाहनांची राजधानी होय. या घराण्यातील राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख जुन्नरजवळील नाणेघाटाच्या लेण्यात कोरलेला आहे. बहुतेक अभ्यासक तो इ.स.पूर्व पहिल्या शतकातील मानतात. यज्ञ व त्यांत दिलेली दक्षिणा हा लेखाचा विषय असल्याने त्यात अंकांची रेलचेल आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ मध्ये या अंकांचे विवेचन केले. पुढे १८८३ मध्ये ब्यूलर यांनी लेखाचे संपादन प्रसिद्ध केले.

रोमन अंक बोजड आणि भारतीय अंक प्रारंभापासूनच स्थानमूल्यावर आधारलेले, असे विधान वर्गात व व्याख्यानांत वारंवार ऐकू येते. नाणेघाटाचा लेख त्यास दुजोरा देत नाही. दक्षिणेतील १७०० गायींची संख्या तेथे दोनच चिन्हांनी लिहिली आहे : एक हजाराचे, दुसरे सातशेचे. ६००१ कार्षापण लिहिताना सहा हजारांच्या चिन्हापुढे एकाचे चिन्ह येते. मधल्या दोन रिकाम्या स्थानांची दखल घेण्याचे कारणच पडत नाही, कारण तेथे स्थान ही कल्पनाच नाही. चिन्हांच्या किमतींची बेरीज करावयाची, एवढाच नियम. २४,४०० ही संख्याही वीस हजार, चार हजार व चारशे अशीच वाचावयाची.

रोमन वाचनाचे मूलतत्त्व हेच आहे. १७०० ही संख्या आज शिकविल्या जाणाऱ्या रोमन रीतीने एम, डी, सी, सी अशी लिहितात. म्हणजे हजार, पाचशे, शंभर आणि शंभर. मोठ्या चिन्हाच्या डावीकडे लहान चिन्ह आल्यास ते वजा करावयाचे, हा नियम मात्र ब्राह्मीत नाही. खुद्द रोमन लोकही तो काटेकोरपणे पाळीत नसत. कोलोसियमच्या ४४ क्रमांकाच्या प्रवेशद्वारावर चाळीस वजाबाकीने, तर चार हा अंक सरळ चार रेघांनी दाखविला आहे. आजच्या पाठ्यपुस्तकांतील निर्दोष नियमावली बरीच नंतरची, हे परिवर्तन शिकविताना सांगितले जात नाही.

खरा भेद अन्यत्र आहे. ब्राह्मीत एक ते नऊ आणि दहा ते नव्वद यांना स्वतंत्र चिन्हे होती. शंभराच्या चिन्हाला एक रेघ जोडली की दोनशे, दोन जोडल्या की तीनशे. हजाराच्या चिन्हाला चारचे चिन्ह जोडले की चार हजार. म्हणजे शंभर व हजार यांच्या बाबतीत बेरजेबरोबर गुणाकारही होता. रोमन लेखनात अंकावर आडवी रेघ देऊन हजारपट दर्शविण्याची रीत याच्या जवळ जाते. परंतु एक ते नऊ यांना नऊ वेगळी चिन्हे रोमनांनी कधीच घडविली नाहीत. स्थानमूल्यासाठी नेमकी तीच आवश्यक होती. शून्याचे चिन्ह तेवढे उरले होते. ग्वाल्हेरच्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० ही संख्या शून्यासह कोरलेली दिसते, ती नाणेघाटानंतर सुमारे नऊशे वर्षांनी.