पूर्व जर्मनीची क्रीडा-औषधयोजना : कोवळ्या वयातील स्टेरॉइड-सेवनाच्या परिणामांचा एक ऐतिहासिक पुरावा

स्टेरॉइड द्रव्यांच्या सेवनाने खेळाडूंच्या, विशेषतः कोवळ्या वयातील खेळाडूंच्या, शरीरावर जे अनिष्ट परिणाम होतात त्यांची चर्चा बहुधा वैद्यकाच्या ग्रंथांत होते. इतिहासाच्या अभ्यासकाने या विषयाकडे वळण्याचे प्रयोजन काय, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे समाधान असे, की या परिणामांविषयीचा एक मोठा व सलग पुरावा एका राज्याच्या गुप्त दफ्तरात सापडला. ते राज्य १९९० साली लयास गेले. दफ्तर मात्र राहिले. त्या दफ्तराचे वाचन करणे, त्यातील मजकुराचा विश्वास कितपत धरावा हे ठरवणे, आणि कोणास काय व केव्हा ठाऊक होते याची कालक्रमाने मांडणी करणे, हे काम इतिहासाचेच होय.

अशा प्रकरणांत सामान्यतः दोन समर्थने पुढे केली जातात. पहिले असे, की त्या काळी या औषधांचे दुष्परिणाम कोणास नीट माहीत नव्हते. दुसरे असे, की औषधे वैद्यांच्या देखरेखीखाली दिली जात असल्याने त्यांपासून मोठा धोका नव्हता. पूर्व जर्मनीच्या उदाहरणावरून ही दोन्ही समर्थने कितपत टिकतात हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पूर्वज्ञानाचा प्रश्न

वृषणातून स्रवणाऱ्या द्रव्याचा शरीरावर काय प्रभाव पडतो, याचा पहिला निर्णायक प्रयोग जर्मन भूमीवरच झाला. १८४९ साली ग्योटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी कोंबड्याच्या पिलांची वृषणे काढून टाकली. त्यांचे तुरे वाढले नाहीत, त्यांचे आरवणे व झुंजणे थांबले. ज्यांच्या उदरात वृषण पुन्हा बसवले ते मात्र इतर कोंबड्यांप्रमाणेच वाढले व आरवू लागले. पुढे १९३१ साली आडोल्फ बूटेनांट यांनी सुमारे १५,००० लिटर मूत्रातून अवघे १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन वेगळे केले. १९३५ साली ॲमस्टरडॅम येथे एर्न्स्ट लाकर यांच्या सहकाऱ्यांनी बैलाच्या वृषणातून टेस्टोस्टेरॉन मिळवले. त्याच वर्षी बूटेनांट व लेओपोल्ड रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत तयार करण्याच्या रीती शोधल्या, आणि १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांत विभागले गेले.

यानंतर अल्पावधीतच स्तनाच्या कर्करोगाने पीडित स्त्रियांना टेस्टोस्टेरॉन देण्याचे उपचार सुरू झाले. त्या रुग्णांचा आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर केस येतात, मासिक पाळी बिघडते, हे चिकित्सकांनी तेव्हाच नोंदवून ठेवले होते. मरणोन्मुख रुग्णाच्या बाबतीत हे मोल क्षम्य मानले गेले. निरोगी मुलीच्या बाबतीत ते क्षम्य ठरेल असे कोणत्याही वैद्यकीय शास्त्राने म्हटलेले नाही. सारांश, बेर्टहोल्ड यांच्या कोंबड्यापासून कर्करोगाच्या रुग्णालयापर्यंत, या द्रव्याने आवाज पालटतो ही गोष्ट गुपित नव्हती. पहिले समर्थन येथेच दुबळे होते.

२. योजनेचा उगम

येना येथील येनाफार्म या सरकारी कारखान्याने १९६० नंतरच्या दशकात टेस्टोस्टेरॉनसदृश एक गोळी बाजारात आणली. तिचे नाव ओरल-टुरिनाबोल. वृषणातले मूळ संप्रेरक तोंडाने घेतल्यास यकृत त्याचा झटपट नाश करते. या गोळीच्या रेणूत असा फेर केलेला आहे की यकृताला तो सहज मोडता येत नाही. औषधाचा गुण आणि यकृतावरचा भार, दोन्ही या एकाच फेरातून उत्पन्न होतात, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये मार्गिट्टा गुमेल यांनी १९·६१ मीटर गोळा फेकून सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धेपूर्वी त्यांना ही गोळी देण्यात आली होती, असे पुढे उघडकीस आलेल्या कागदपत्रांवरून दिसते. पुरुषांपेक्षा स्त्रियांवर या औषधाचा परिणाम अधिक होतो, हा धडा पूर्व जर्मनीच्या क्रीडाशास्त्रज्ञांनी घेतला. ज्या शरीरात हे संप्रेरक मुळात अत्यल्प असते तेथे थोड्या मात्रेनेही मोठा फरक पडावा, हे उघड आहे. १९७४ साली सत्तारूढ पक्षाच्या वरिष्ठ मंडळाने या प्रयोगांना राज्याच्या योजनेचे रूप दिले. ‘राज्ययोजना-विषय १४·२५’ हे तिचे नाव. सरकारी पत्रव्यवहारात औषधांचा उल्लेख ‘साहाय्यक साधने’ असा केला जाई.

योजनेचे फळ लवकरच दिसले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या स्त्री जलतरणपटूंना एकही सुवर्णपदक मिळाले नव्हते. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये त्यांनी १३ पैकी ११ शर्यती जिंकल्या. सुमारे १ कोटी ७० लाख लोकसंख्येच्या या देशाने त्या स्पर्धेत एकूण ४० सुवर्णपदके मिळवून अमेरिकेस मागे टाकले. या यशाचे सारे श्रेय औषधांना देणे अन्यायाचे होईल. लहानपणीच गुण हेरण्याची पद्धत, क्रीडाशाळा आणि कठोर सराव यांचाही त्यात वाटा होता. परंतु याच व्यवस्थेमुळे दहा-बारा वर्षांची मुले आईबापांपासून दूर, शिक्षक व वैद्य यांच्या स्वाधीन होत, हेही विसरता येत नाही. गोळ्या जीवनसत्त्वे म्हणून दिल्या जात. त्या कसल्या आहेत हे मुलांना सांगितले जात नसे, आणि आईबापांची संमती घेतली जात नसे. मॉन्ट्रियल येथे या मुलींच्या जाड आवाजाविषयी पृच्छा झाली असता, त्या येथे पोहावयास आल्या आहेत, गावयास नव्हे, असे उत्तर त्यांच्या पथकाकडून मिळाल्याची कथा प्रसिद्ध आहे. पुरावा सर्वांच्या कानी पडत होता. ऐकणाऱ्यांनी तो थट्टेवारी नेला.

३. देखरेख कशाची?

आता दुसऱ्या समर्थनाकडे वळू. वैद्यकीय देखरेख होती, हे निःसंशय खरे आहे. प्रश्न असा, की ती देखरेख कशावर होती?

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९७५ साली स्टेरॉइड द्रव्यांवर बंदी घातली व १९७६ पासून त्यांची तपासणी सुरू केली. १९७७ साली हेलसिंकी येथे इलोना स्लुपियानेक या गोळाफेकपटूच्या नमुन्यात निषिद्ध द्रव्य आढळले. त्यानंतर पूर्व जर्मनीने असा दंडक घातला, की परदेशी स्पर्धेस निघण्यापूर्वी प्रत्येक खेळाडूची तपासणी ड्रेस्डेनजवळच्या क्राइशा येथील प्रयोगशाळेत व्हावी. ज्याच्या शरीरात द्रव्याचा अंश उरला असेल त्याला दुखापतीचे निमित्त सांगून घरी ठेवले जाई. पुढे टेस्टोस्टेरॉन व एपिटेस्टोस्टेरॉन यांच्या प्रमाणावरून लबाडी ओळखण्याची रीत निघाली, तेव्हा प्रमाण सावरण्यासाठी एपिटेस्टोस्टेरॉनची टोचणी तयार करण्यात आली. म्हणजे प्रयोगशाळेचे काम खेळाडूला औषधापासून वाचवणे हे नव्हते. औषधाला तपासणीपासून वाचवणे, हे तिचे खरे काम होते.

दुष्परिणामांची नोंद होत नव्हती असे मात्र नाही. योजनेचे एक प्रमुख वैद्य मानफ्रेड ह्योपनर हे गुप्त पोलिसांनाही अहवाल देत. स्त्री खेळाडूंत दिसणाऱ्या पुरुषी लक्षणांचा उल्लेख त्या अहवालांत आहे. काही खेळाडूंवर औषधोपचार वा शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली, हेही दफ्तरात नमूद आहे. नोंद झाली आणि गोळ्या चालू राहिल्या. अज्ञानाने झालेली हानी आणि नोंदवहीत उतरवून घेतलेली हानी यांत जो नैतिक भेद आहे, तो येथे स्पष्ट होतो.

४. शरीराचा हिशेब

कोवळ्या वयात हा धोका अधिक का, याचे कारण शरीररचनेत आहे. पौगंडावस्थेत हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनवर्गीय संप्रेरकांनी ती वेळेआधी मिटू शकते व उंची कायमची खुंटते. मुलींच्या स्वरतंतूंत झालेला पालट औषध थांबवल्यावरही परत फिरत नाही. मुलांच्या बाबतीत, रक्तात संप्रेरकाचा पुरवठा बाहेरून होत असल्याचे पाहून मेंदूतील पीयूषिका ग्रंथी आपली आज्ञा थांबवते. परिणामी वृषणे आक्रसतात, शुक्रजंतू घटतात, आणि औषध बंद केल्यावर दीर्घकाळ ग्लानी व विषण्णता येऊ शकते. तोंडाने घेण्याच्या गोळ्यांनी यकृतात रक्ताने भरलेल्या पोकळ्या वा गाठी होण्याचा धोका असतो. रक्तातील हितकर मेद घटतो, हृदयाची भिंत जाड होते. स्नायू वेगाने बळावतात, परंतु त्यांना हाडाशी बांधणारे कंडरे त्या वेगाने बळावत नाहीत.

व्यक्तींच्या चरित्रांत हा हिशेब अधिक स्पष्ट वाचता येतो. १९७२ व १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये पदके मिळवणारे भारोत्तोलक गेर्ड बोंक यांना पुढे मधुमेह व मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रासले. २०१४ साली त्यांचे निधन झाले. हायडी क्रीगर या नावाने १९८६ साली श्टुटगार्ट येथे गोळाफेकीत युरोपचे विजेतेपद मिळवणाऱ्या खेळाडूस वयाच्या सोळाव्या वर्षापासून या गोळ्या दिल्या जात होत्या. १९९७ साली लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून त्यांनी आंद्रेआस हे नाव घेतले. आपल्या लिंगभावाविषयीची अस्वस्थता केवळ गोळ्यांनी निर्माण केली, असे ते म्हणत नाहीत. आपण कोण आहोत हे स्वतः ठरवण्याची संधी आपल्यापासून हिरावली गेली, ही त्यांची तक्रार आहे. संमतीच्या प्रश्नाचे मर्म याहून नेमके सांगणे कठीण.

५. दफ्तर आणि न्याय

१९९० साली जीवशास्त्रज्ञ वेर्नर फ्रांके व त्यांच्या पत्नी, माजी थाळीफेकपटू ब्रिगिटे बेरेन्डोंक, यांनी बाड सारो येथील लष्करी वैद्यकीय अकादमीतून गुप्त प्रबंध व अहवाल मिळवले. १९९१ साली बेरेन्डोंक यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १९९७ साली दोघांनी शास्त्रीय नियतकालिकात सविस्तर लेख लिहिला. दर वर्षी काही हजार खेळाडूंना, त्यांत अल्पवयीनांनाही, ही द्रव्ये दिली जात, असे त्यांनी दाखवले. एकूण संख्या सामान्यतः १०,००० च्या आसपास मानली जाते. गुप्त पोलिसांचे अहवाल वरिष्ठांना खूश करण्यासाठी लिहिलेले असू शकतात, म्हणून ते सावधपणे वाचावे लागतात. परंतु वैद्यकीय प्रबंध, मात्रांचे तक्ते व खेळाडूंच्या साक्षी या परस्परांपासून स्वतंत्र साधनांनी त्यांस दुजोरा मिळाल्याने त्यांची विश्वसनीयता वाढते.

१९९८ पासून बर्लिन येथे खटले चालले. १८ जुलै २००० रोजी क्रीडासंघटनेचे माजी प्रमुख मानफ्रेड एवाल्ड यांना २२ महिन्यांची व ह्योपनर यांना १८ महिन्यांची, दोन्ही स्थगित, शिक्षा झाली. २००२ व २०१६ साली जर्मन संसदेने पीडितांच्या साहाय्यासाठी कायदे केले. दुसऱ्या कायद्यान्वये प्रत्येकी १०,५०० युरो देण्याचे ठरले. येनाफार्मने २००६ साली १८४ पीडितांना प्रत्येकी ९,२५० युरो देण्याचे मान्य केले. पदके मात्र जेथे होती तेथेच राहिली. १९७६ च्या निकालांचा फेरविचार करण्यास ऑलिंपिक समितीने १९९८ साली नकार दिला.

६. उपसंहार

स्टेरॉइडचा दुरुपयोग केवळ एका राज्यपद्धतीचा दोष होता असे मानणे भ्रामक ठरेल. १९८८ साली सोल येथे पदक गमावणारे बेन जॉन्सन कॅनडाचे होते. आपल्याकडेही २०२२ साली राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा करावा लागला. २०२३ साली भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी आढळले. त्यांत सर्व प्रकारची निषिद्ध द्रव्ये येतात, हे खरे. परंतु ही मोजणी स्पर्धक खेळाडूंची आहे. व्यायामशाळेत कोणाच्या तरी सांगण्यावरून गोळी घेणारा सोळा वर्षांचा मुलगा कोणत्याच तक्त्यात येत नाही.

पूर्व जर्मनीच्या मुलांची हानी निदान लिहिली गेली, आणि ती लिहिली गेल्यामुळेच काही अंशी न्याय मिळाला. जेथे औषध देणारा राज्याचा वैद्य नसून शेजारचा ओळखीचा माणूस असतो, तेथे मात्रा लिहिली जात नाही, परिणाम लिहिला जात नाही, आणि पुढे दाद मागण्यास दफ्तरही उरत नाही. म्हणून ज्या मुलांनी नकळत हे मोल दिले त्यांच्या शरीरांवरून मिळालेले ज्ञान वाया जाऊ न देणे, हे आपले कर्तव्य ठरते. परिणाम ठाऊक नव्हते, हे समर्थन १९७४ साली टिकण्यासारखे नव्हते. आज तर ते मुळीच टिकणारे नाही.